फिर्पोचा पियानो कसा ऐकावा

टँगो या अर्जेंटिनाच्या नृत्यसंगीतातला पियानोवादक रोबेर्तो फिर्पो, त्याच्या रेकॉर्डी ऐकायच्या असतील तर सुरुवात १९१४ पासून करू नका. तारखेप्रमाणे रांगेत ऐकत गेलात तर पहिल्या चार-पाच रेकॉर्डींत खरखर, पातळ व्हायोलिन आणि लांबून येणारी बासरी एवढंच कानी पडेल. ज्याच्यासाठी बसलात तो पियानो सापडणारच नाही. उलट्या बाजूने या. आधी १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धातला त्याचा चार जणांचा ताफा, मग १९२०च्या दशकाच्या अखेरचा मोठा वाद्यवृंद, आणि सगळ्यात शेवटी, मायक्रोफोन येण्याआधी भोंग्यासमोर वाजवलेल्या सुरुवातीच्या रेकॉर्डी. हा क्रम मी ज्यांना ज्यांना सांगितला त्यांच्यातले बरेच जण आजही फिर्पो ऐकतात. तारखेप्रमाणे निघालेले बहुतेक वाटेतच थांबले.

मी पेटी वाजवते. साथीला बसणाऱ्या माणसाचा कान आधी साथीकडेच जातो, गाणाऱ्याकडे नंतर. शिवाय पेटीवर डावा हात भात्यावर अडकलेला असतो, त्यामुळे पियानोचा डावा हात काय करतो याचं मला कायमच अप्रूप. टँगोकडे मी वळले ती बँडोनिऑनमुळे, कारण तेही भात्याचं आणि पत्तींचं वाद्य. पण ऐकता ऐकता थांबले फिर्पोच्या पियानोपाशी. त्यामुळे पुढे जे सांगतेय ते सगळं पियानोच्या बाजूने सांगितलेलं आहे, हे लक्षात ठेवा.

हा माणूस कोण, ते आधी थोडक्यात. जन्म १० मे १८८४, ब्युनोस आयर्स प्रांतातल्या लास फ्लोरेस गावी. मृत्यू १४ जून १९६९, ब्युनोस आयर्स शहरात. तरुणपणी कष्टाची कामं करत राजधानीत आला, पियानो शिकला तो आल्फ्रेदो बेविलाक्वाकडे. बेविलाक्वा स्वतः त्या पहिल्या पिढीतला नावाजलेला टँगो-रचनाकार. त्या वेळी टँगोत पियानो नव्हता असं नाही. रोसेंदो मेंदिसाबालसारखे पियानोवादक एकट्याने वाजवत होतेच. पण चार-पाच वाद्यांचा ताफा जमला की ताल आणि तळ सांभाळायचं काम गिटारकडे असे, आणि वर व्हायोलिन, बासरी, बँडोनिऑन. फिर्पोने ताफ्यातली ती गिटारची जागा पियानोला दिली आणि ती पुन्हा गिटारकडे गेली नाही. पुढच्या प्रत्येक टँगो वाद्यवृंदात पियानो मधोमध बसलेला दिसतो, त्याच्यामागे हा माणूस उभा आहे.

अडचण एवढीच की त्याच्या पहिल्या बारा-तेरा वर्षांच्या रेकॉर्डी ज्या यंत्रावर झाल्या, त्या यंत्राला सगळ्यात वाईट ऐकू यायचं ते पियानोच.

ऐकण्याची तयारी

हेडफोन काढून ठेवा. हेडफोनवर खरखर थेट कानात बसते आणि मेंदू तिच्याशीच झुंजत राहतो. साध्या स्पीकरवर, खोलीत दोन-तीन मीटर अंतरावर बसून, मध्यम आवाजात ऐका. थोड्याच वेळात खरखर एका जागी राहते आणि संगीत तिच्यापासून सुटं होतं. आवाज स्टिरिओत असेल तर मोनो करा. जुन्या रेकॉर्डींना कृत्रिम प्रतिध्वनी लावून, डावी-उजवी बाजू वेगळी करून काढलेल्या आवृत्त्या पूर्वी बऱ्याच निघाल्या. त्या सरळ बाजूला ठेवा. त्यांत पियानोचा आघात पुसट होतो, आणि आपल्याला हवा आहे तो आघातच.

खरखर काढून 'स्वच्छ' केलेल्या आवृत्तीचा मोह पडेल. मला त्या आवडत नाहीत, आणि कारण निव्वळ आवडीनिवडीचं नाही. पियानोच्या पट्टीवर बोट पडलं की हातोडी तारेवर आपटते. तो पहिला क्षण सूर कमी आणि गोंगाट जास्त असतो. खरखर हुडकून काढणारी संगणकी गाळणी या आघातालाही खरखर समजते आणि सोलून टाकते. सुराची हळूहळू विरत जाणारी शेपटीही तिच्यासोबत जाते. व्हायोलिन वाचतं, कारण ते सलग वाजतं. पियानोचा मात्र जीव जातो. तेव्हा थोडी खरखर असलेली, कमीत कमी हात लावलेली प्रत निवडा आणि फार बोचलं तर स्पीकरचा ट्रेबल जरा उतरवा. भोंग्याच्या काळातल्या रेकॉर्डींत तसंही अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वर संगीत फारसं उरलेलं नसतं.

कुणाकडे मूळ तबकडी आणि ती वाजवायचं यंत्र असेल तर एक सूचना. या तबकड्यांच्या खाचा रुंद असतात आणि त्यांना सुमारे पाऊण दशांश मिलिमीटर, म्हणजे पंचाहत्तर मायक्रॉनच्या आसपास टोक असलेली सुई लागते. नंतरच्या लाँग प्ले रेकॉर्डींची बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते, तिथला कचरा वाचते आणि संगीत वाचत नाही.

पहिली पायरी: क्वार्टेट

१९३०च्या सुमाराला फिर्पोने संगीत जवळजवळ सोडलं आणि गुराढोरांच्या व्यवसायात पैसा घातला. पाराना नदीच्या पुरात तो व्यवसाय बुडाला, शेअर बाजारातही हात पोळले आणि तो पुन्हा पियानोकडे आला. १९३०च्या दशकाच्या मध्यावर त्याने छोटा ताफा बांधला: पियानो, बँडोनिऑन, व्हायोलिनं. बँडोनिऑनवर बराच काळ हुआन काम्बारेरी होता, ज्याच्या बोटांच्या वेगामुळे त्याला बँडोनिऑनचा जादूगार म्हणत. वादन जाणूनबुजून जुन्या धाटणीचं, चटपटीत आणि हलकं. आणि मुद्रण मायक्रोफोनचं, म्हणजे पियानो स्वच्छ.

इथूनच सुरुवात करायची. क्वार्टेटची कुठलीही एक जलद रेकॉर्ड घ्या आणि ती चार वेळा ऐका. पहिल्यांदा नुसती. दुसऱ्यांदा फक्त डावा हात: तो मात्रा कशा पाडतो, प्रत्येक मात्रेवर सारखा पडतो की एखादी अलगद सोडतो. वाद्यं मोजकी असल्याने तळाचा बहुतेक भार त्याच हातावर आहे, तो हरवत नाही. तिसऱ्यांदा फक्त जोड. जोड म्हणजे काय ते सांगते. टँगोची चाल साधारण सोळा मापांच्या (माप म्हणजे मात्रांचा एक ठरलेला गट) भागांत बांधलेली असते आणि प्रत्येक भागात चार-चार मापांची वाक्यं. वाक्य संपलं की व्हायोलिन आणि बँडोनिऑन श्वास घेतात. त्या श्वासाच्या जागी पियानो काहीतरी भरतो: खालून वर चढणारी चार-सहा सुरांची ओळ, कधी वरच्या पट्ट्यांवरची चिमुकली खळखळ, कधी गिटारच्या जाड तारांवर वाजवतात तसली खर्जातली चाल. तिला तिथले वादक 'बोर्दोनेओ' म्हणतात आणि ती मूळची गिटारचीच. गिटारची जागा घेतलेल्या वाद्याने गिटारची बोली ठेवली, हे मला फार हृद्य वाटतं.

चौथ्यांदा सगळं एकत्र ऐका आणि जोड आला की बोट वर करा. खरंच करा, मनातल्या मनात नको. हाताला कळलं की कान पुढच्या रेकॉर्डीत जोडाच्या आधीच तिथे जाऊन थांबतो. भोंग्याच्या रेकॉर्डींत आपल्याला नेमकी हीच सवय लागणार आहे: पियानो कुठे वाजणार हे तो ऐकू येण्याआधी ठाऊक असणं.

या पायरीवर घाई नको. आठ-दहा रेकॉर्डी अशा ऐकून झाल्या की फिर्पोच्या लकबी ओळखीच्या होतात. त्याचं वादन दणदणीत नाही. तो ताफ्याला ढकलत नाही, सावरून धरतो.

दुसरी पायरी: मायक्रोफोन आल्यावरचा मोठा वाद्यवृंद

ब्युनोस आयर्समध्ये मायक्रोफोनने मुद्रण सुरू झालं ते १९२६ मध्ये. त्यानंतरच्या तीन-चार वर्षांतल्या फिर्पोच्या रेकॉर्डी या मधल्या पायरीसाठी. इथे व्हायोलिनं जास्त, बँडोनिऑनं जास्त, खाली कॉन्ट्राबास, त्यामुळे पियानो गर्दीत आहे. पण दिसतो.

या काळाबद्दल टँगोवर लिहिणारे एक ठरलेलं वाक्य लिहितात: वाद्यवृंद चालवणाऱ्यांत हुलिओ दे कारोसारखे नव्या वळणाचे, आणि फिर्पो, कानारो जुन्या वळणाचे. वर्गवारी म्हणून चूक नाही. दे कारोने १९२४ मध्ये आपला सहा जणांचा ताफा काढला आणि वाद्यांची मांडणीच बदलून टाकली, हे खरंच आहे. पण त्या वाक्यामुळे लोक फिर्पोच्या या रेकॉर्डी न ऐकताच पुढे जातात. मला त्या फार मोलाच्या वाटतात. लय सैल, व्हायोलिनं गाणारी, कुठेही घाई नाही. नाचायला उतरलेल्या जोडप्याला पाऊल टाकायला सावकाश जागा करून देणारं हे वादन आहे. नव्याची भूक त्यात नाही, आणि ती नसणं हा दोष आहे असं मला वाटत नाही.

इथे करायचं एकच. एखादी रेकॉर्ड लावा आणि ठेका कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. जुन्या टँगोचा ठेका हाबानेराचा: दोन मात्रांच्या मापाचे आठ बारीक तुकडे केले तर त्यांची वाटणी ३-१-२-२. लांब, आखूड, मग दोन सारखे. हाताने टेबलावर वाजवून पाहा, लगेच बसतो. पुढे हा ठेका मागे पडला आणि चार सरळ, सारख्या ठोक्यांचा ठेका आला. फिर्पोच्या हयातीतच हे स्थित्यंतर घडलं आणि त्याच्या डाव्या हातात दोन्ही सापडतात. एखाद्या रेकॉर्डीत चार सरळ ठोके चालू असताना मध्येच एखाद्या भागात तो लांब-आखूड झोका डोकावतो. तो पकडता आला की ही पायरी झाली.

मधला सराव

भोंग्याकडे जाण्याआधी एक सराव करा, तो मी फार आग्रहाने सांगते. क्वार्टेटची जी रेकॉर्ड तुम्हाला पाठ झाली असेल ती मोबाइल फोनच्या स्वतःच्या छोट्या स्पीकरवर लावा.

त्याचं कारण भोंग्यात आहे. भोंग्याच्या काळात मायक्रोफोन नव्हता, वीजही नव्हती. वादक एका मोठ्या भोंग्यासमोर दाटीवाटीने बसत. त्यांच्या वाद्यांची हवेतली थरथर भोंग्यातून एका पातळ पडद्यावर येई, पडद्याला जोडलेली सुई हाले आणि फिरत्या मेणावर खाच पडे. जे काही बळ होतं ते वाद्याच्या आवाजाचंच. असल्या यंत्राला साधारण अडीचशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढाच पट्टा धडपणे टिपता येई. आता पियानोचा मधला सी, पट्ट्यांच्या जवळजवळ मध्यावरचा सूर, २६२ हर्ट्झचा आहे. म्हणजे डावा हात जिथे वावरतो तो जवळजवळ सगळा प्रदेश भोंग्याच्या पट्ट्याबाहेर पडतो.

मग तो ऐकू येतो तरी कसा? समजा डाव्या हाताने ११० हर्ट्झचा सूर वाजवला. त्याच्यासोबत २२०, ३३०, ४४०, ५५० असे त्याचे उपस्वर वाजतातच. भोंगा ११० गाळतो, २२० बराचसा गाळतो, ३३०पासून पुढचे राहतात. या राहिलेल्या सुरांमधलं अंतर मात्र अजूनही ११०चंच आहे, आणि कानाला तेवढं पुरतं. गाळलेला खालचा सूर मेंदू स्वतः जागेवर ठेवतो. मोबाइलचा स्पीकरही खालचे सूर असेच गाळतो, म्हणून त्यावर पाठ झालेली रेकॉर्ड ऐकली की कानाला ही भरपाई करायची सवय लागते. पहिल्या ऐकण्यात डावा हात नाहीसा झाल्यासारखा वाटेल. दोन-तीन वेळा ऐका, तो परत येतो. जाड नसेल, पण जागेवर असेल. मग पुन्हा मोठ्या स्पीकरवर या आणि भोंग्याच्या रेकॉर्डी काढा.

तिसरी पायरी: भोंगा

१९१३-१४च्या सुमाराला फिर्पो मॅक्स ग्लुक्समानच्या ओडिऑन तबकड्यांसाठी वाजवू लागला. ग्लुक्समान हा सिनेमागृहं आणि तबकड्या यांत मोठा झालेला उद्योजक. १९१९ मध्ये त्याने उघडलेलं ग्रँड स्प्लेंडिड नाट्यगृह आज ब्युनोस आयर्समधलं सुप्रसिद्ध पुस्तकांचं दुकान आहे. त्याच्यासाठी फिर्पोने शेकड्यांनी रेकॉर्डी केल्या. पुढचं मागचं सगळं धरलं तर त्याच्या रेकॉर्डींची संख्या हजारांच्या घरात जाते. सुरुवातीच्या ताफ्यात बँडोनिऑनवर हुआन देआम्ब्रोज्यो, ज्याला सगळे 'बाचिचा' म्हणत, व्हायोलिनवर तितो रोकातालियाता, बासरीवर आलेहांद्रो मिचेत्ती.

बासरीने घाबरून जाऊ नका. तिचा आवाज भोंग्याला सगळ्यात आवडता, नेमक्या पट्ट्यातला, म्हणून ती तबकडीवर होती त्याहून मोठी ऐकू येते. प्रत्यक्ष कॅफेत ती इतकी पुढे नसणार. मनातल्या मनात तिला दोन पावलं मागे न्या. बँडोनिऑनचंही थोडं तसंच. व्हायोलिन मात्र खऱ्याहून बारीक ऐकू येतं, त्याला थोडं अंग द्या.

आता पियानो. तो चार जागी शोधायचा.

एक, अगदी पहिला क्षण. बहुतेक रेकॉर्डी सगळ्यांनी एकत्र उचललेल्या सुराने सुरू होतात आणि त्या पहिल्या ठोक्यात पियानोची हातोडी स्पष्ट असते, कारण अजून बाकीच्यांचा आवाज भरलेला नसतो. पहिला सेकंद चार-पाच वेळा मागे नेऊन ऐका. पियानोचा पोत काय आहे ते तिथे कळतं: काहीसा लाकडी, तार कमी आणि ठोका जास्त.

दोन, जोड. क्वार्टेटवर बोट वर करायची सवय लावली ती यासाठीच. वाक्य संपेल, बासरी दम घेईल आणि त्या फटीत पियानो येईल. कधी जेमतेम तीन सूर.

तीन, व्हायोलिनचे लांब सूर. व्हायोलिन एक सूर धरून थांबलं की त्याच्याखाली काय हलतंय ते ऐका. हलणारं जे काही आहे त्यात बँडोनिऑन आणि पियानो आहेत. बँडोनिऑनचा सूर सुजतो, फुगतो. पियानोचा फक्त घटतो. वाढणारा सूर पियानोचा असूच शकत नाही. ही एक खूण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली आहे.

चार, शेवट. टँगोचा शेवट म्हणजे दोन ठोके, पाचवा आणि पहिला स्वर, त्यांतला दुसरा बहुतेकदा हलका. सगळे थांबल्यावर जी काही गुंज उरते ती पियानोची. तबकडीची खरखर आणि ती गुंज यांत फरक करता येऊ लागला की समजा कान तयार झाला.

वेगाबद्दल एक गोष्ट. या तबकड्यांना मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या म्हणतात, पण भोंग्याच्या काळात हा आकडा कुणी काटेकोर पाळत नसे. वेग सहा टक्क्यांनी चुकला की सूर जवळजवळ बरोबर अर्ध्या स्वराने चढतो किंवा उतरतो. एकाच रेकॉर्डीच्या दोन प्रती मिळाल्या आणि एक तीन मिनिटांची, दुसरी दोन मिनिटं पन्नास सेकंदांची निघाली, तर दोघींच्या सुरांत अर्ध्या स्वराचा फरक असणार आणि निदान एक चुकीच्या वेगाने उतरवलेली आहे. कुठली, हे ठरवायला मी पेटीचा आधार घेते. बँडोनिऑनच्या पत्ती वादकाला मैफलीत वर-खाली करता येत नाहीत, त्यामुळे तो स्थिर खुंटा धरता येतो. त्याचा सूर पेटीच्या पट्टीशी जवळपास जुळला तर ठीक, दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध लटकला तर वेगाचा संशय घ्या. बारीक फरक सोडून द्या, कारण त्या काळी मूळ सूर लावण्यातही सगळीकडे एकमत नव्हतं. संगणकावर वेग बदलताना सूर आणि लय दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय निवडा, सूर तसाच ठेवणारा नको.

कुठल्या रचना घ्याव्यात

फिर्पोने आपल्या गाजलेल्या रचना पुन्हा पुन्हा मुद्रित केल्या, हे आपलं भाग्य. दोन वेगळ्या काळांतली मुद्रणं हाती लागतील अशी रचना घ्या आणि तीही उलट क्रमाने ऐका, आधी नवं आणि मग जुनं.

'एल आमानेसेर', म्हणजे पहाट, ही या कामासाठी सगळ्यात सोयीची. व्हायोलिनं त्यात पक्ष्यांची किलबिल करतात आणि ती इतकी ओळखीची आहे की चालीत आपण कुठे आहोत हे भोंग्याच्या रेकॉर्डीतही कधी चुकत नाही. खूण पक्की असली की लक्ष पियानोकडे द्यायला मोकळं राहतं. किलबिल चालू असताना खाली पियानो काय करतो ते बघा. तिथे तो जवळजवळ काहीच करत नाही, फक्त जमीन धरून ठेवतो. मला त्यातला संयम फार मोठा वाटतो. स्वतःची रचना, स्वतःचा ताफा, स्वतः पियानोवर, आणि सगळ्यात देखणी जागा व्हायोलिनला.

'आल्मा दे बोएमियो' १९१४ची. फ्लोरेन्सियो पाराविसिनी या नटाने त्याच नावाच्या नाटकासाठी ती फिर्पोकडून करून घेतली. शब्द नंतर आले. आज ती बहुतेकांना ठाऊक आहे ती पेद्रो लाउरेन्सच्या १९४३च्या रेकॉर्डीमुळे, ज्यात आल्बेर्तो पोदेस्ता एक सूर श्वास संपेपर्यंत धरून ठेवतो. ती ऐकली नसेल तर आधी ऐकू नका. तो आवाज एकदा कानात बसला की फिर्पोची मूळ, बिनशब्दांची चाल त्याच्याशिवाय अपुरी वाटायला लागते, आणि ती अपुरी नाही.

'ला कुम्पार्सिता' टाळता येणार नाहीच. हेरार्दो मातोस रोद्रिगेस या माँटेव्हिडिओतल्या वास्तुकलेच्या तरुण विद्यार्थ्याने कार्निव्हलसाठी बांधलेली ती एक छोटी मिरवणुकीची चाल होती. फिर्पो तेव्हा तिथल्या ला हिराल्दा कॅफेत वाजवत होता. पुढे त्याच जागी पालासियो साल्वो ही इमारत उभी राहिली. चाल त्याच्याकडे आली. त्याने सांगितल्याप्रमाणे, ती टँगो म्हणून उभी राहावी यासाठी त्याने तिच्यात आपल्याच 'ला गाउचा मानुएला' आणि 'कुर्दा कोम्प्लेता' या रचनांमधले तुकडे मिसळले, आणि तिथे ती पहिल्यांदा वाजवली. हा प्रसंग कधी १९१६चा, कधी १९१७चा सांगितला जातो. रचनाकार म्हणून नाव मातोस रोद्रिगेसचंच आहे. तिच्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डींत फिर्पोची आहे. ती ऐकताना नंतरच्या शेकडो 'कुम्पार्सितां'चा नाट्यमय भडका विसरा. इथे ती साधी आहे, थोडी चालत जाणारी, आणि मूळची मिरवणूक तिच्यात अजून ऐकू येते.

हे तिन्ही टप्पे झाल्यावर कार्लोस दी सार्लीचं 'एल आमानेसेर' लावा. १९५०च्या दशकातलं घेतलंत तर उत्तम. तोही पियानोवर बसून वाद्यवृंद चालवणारा, आणि त्याच्या डाव्या हाताच्या खर्जातल्या जागांची सगळ्या टँगोविश्वात ख्याती. फिर्पोने जिथे जमीन धरून ठेवली होती तिथे दी सार्ली ती जमीन सजवतो. दोन पियानोवादक एकाच पहाटेकडे कसे बघतात, हे एका बैठकीत कळतं.

आणि त्यानंतर उलट दिशेने, फिर्पोच्याही मागे जा. विसेन्ते ग्रेकोच्या १९१०-११च्या आणि हुआन माग्लिओ 'पाचो'च्या १९१२च्या, कोलंबिया कंपनीच्या रेकॉर्डी काढा. पाचोच्या तबकड्यांचा खप एवढा होता की लोक दुकानात जाऊन रेकॉर्ड न मागता 'एक पाचो द्या' म्हणत. बँडोनिऑन, बासरी, व्हायोलिन आणि गिटार. पियानो नाही. जोडांवर बोट वर करायची सवय आता लागली असेल. पाचोच्या रेकॉर्डीवरही ते वर करा आणि त्या फटीत गिटारवाला लुसिआनो रिओस काय भरतो ते ऐका. मग लगेच फिर्पोची १९१४-१५च्या सुमाराची कुठलीही रेकॉर्ड लावा. मधली वर्षं दोन-तीनच.